वाढत्या मापाची बॅट

शाले, तुझ्याशी मी कधी गोड बोलले नाही आणि तूही माझ्याशी नाहीस. आता तू गेलीस म्हणून एकदम 'कैलासवासी शालन' असं काळ्या चौकटीतलं बोलायला मला जमणार नाही. तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, नोकरी कुठं, हे सगळं तुझ्या शाळेच्या फळ्यावर मुख्याध्यापकांनी वळणदार अक्षरात लिहून ठेवलंय. त्यात मला रस नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि त्यापायी मला धड घास जात नाही.

भांडण कशाचं, तर बॅटच्या लांबीचं. लोक हसतील. दोन चाळिशीकडं झुकलेल्या बायका, एक मी, नगरच्या सावेडीतल्या शाळेत शास्त्र शिकवणारी आणि एक तू, तिसगावच्या शाळेत पी.टी.ची बाई, आणि भांडतायत कशावरून, तर सॉफ्टबॉलची बॅट पोरीच्या कुठवर यावी. हसू देत. नगरच्या कॉलेजात तू पिचर आणि मी कॅचर होते तेव्हापासून आपल्याला भांडायला हा एकच विषय पुरला. तुझा चेंडू अडवून अडवून माझी बोटं वाकडी झाली, तुझी जीभ मात्र सरळच राहिली.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना वाटतं, बॅट म्हणजे बॅट. पण ही काही क्रिकेटची चपटी फळी नव्हे. गोल, मुठीकडं बारीक आणि टोकाकडं जाड. आपल्या वेळी लाकडी होत्या, आता अॅल्युमिनियमच्या, आतून पोकळ आल्यात. हातातून निसटली की गरगरत जाते आणि कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. म्हणून माप बघायचं. बॅट पायाशी उभी करायची, हात सैल सोडायचा. मुठीचं टोक तळव्याच्या मधोमध आलं तर ती बॅट तुझी. मनगटाच्या वर गेलं तर मुकाट्यानं खाली ठेवायची आणि दुसरी उचलायची. एवढं सोपं आहे. हे मी तुला किती वेळा सांगितलं ग बाई! आणि दर वेळी तुझं एकच उत्तर. "आणि पुढच्या वर्षी? पोरगी वाढली की काय करू, बॅटला जोड देऊ?"

तुझं तरी काय चुकलं म्हणा. तुमच्या घरात कधी काही नेमक्या मापाचं आलंच नाही. आठवड्याच्या बाजारातून तुझे वडील तुझ्यासाठी चपला आणायचे त्या वाढत्या पायाच्या, पुढं चिंधी कोंबून घालायच्या. गणवेशाचा परकर गुडघ्याच्या खाली लोंबायचा आणि दर वर्षी तुझी आई, माई, त्याची एकेक दुमड उसवायची. आमच्याकडं काय वेगळं होतं? माझ्याही स्वेटरच्या बाह्या मी चौथीपर्यंत वर सारतच होते. पण तू त्याचं तत्त्वज्ञान करून टाकलंस. "नेमकं माप ही श्रीमंतांची चैन आहे, पद्मे. आपल्याकडं वस्तू आधी येते आणि माणूस मागून तिच्याएवढा होतो." हे तू असं काही म्हणायचीस की मला वादच सुचायचा नाही. घरी गेल्यावर सुचायचा.

शाळेनं कितीतरी वर्षांनी नव्या बॅटला मंजुरी दिली तेव्हा तू मला नगरच्या दुकानात बरोबर नेलंस. मी तुझ्या हातात तीस इंची दिली. तू ती नुसती तोलून परत केलीस आणि भिंतीला टेकलेली चौतीस इंची उचललीस. दुकानदारानं विचारलं, पोरी केवढ्याशा आहेत? तू हात स्वतःच्या डोक्याच्याही वर धरलास. खोटारडे! मी म्हटलं, "अगं, एवढ्या उंच पोरी तिसगावात आहेत तरी कुठं?" तू बॅट खांद्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "होतील."

त्या एका शब्दावर तेव्हा मला हसू आलं होतं. आता तो शब्द आठवला की अंगावर काटा येतो.

मंदाला ती बॅट मिळणार हे ठरलेलंच होतं. संघातली सगळ्यात चांगली तीच. बापाच्या वावरात कांदा काढून काढून हात काटक झालेले, नजर घारीची, पण चण मात्र एवढीशी. तिच्या पायाशी बॅट उभी केली की मुठीचं टोक तिच्या मनगटाच्या वर, पार कोपराकडं निघालेलं. पोरगी शहाणी. तिनं आपली आपण युक्ती काढली होती, मूठ सोडून चार बोटं वर धरायची. बॅट आपोआप आखूड व्हायची. आणि तू लांबून ओरडायचीस, "मंदे, खाली धर! टोकाला धर! पूर्ण लांबी वापर!" बिचारी हात खाली सरकवायची. करंगळी तर मुठीच्या बाहेरच लोंबायची.

मी दर रविवारी एस.टी.नं यायचे. तेही तुझ्याचमुळं. लग्नानंतर माझा ग्लोव्ह माळ्यावर जाऊन पडला होता आणि त्यात उंदरानं घर केलं होतं. तू एके दिवशी आलीस, स्टुलावर चढलीस, तो काढलास, उंदराची पिल्लं बाहेर ठेवलीस आणि माझ्या सासूबाईंच्या देखत म्हणालीस, "रविवारी हिला मी नेणार. स्वयंपाक तुमचा मुलगा करील." घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. पण मी आले. पाच वर्षांनी गुडघे मोडून कॅचरच्या जागी बसले आणि धुळीचा तो वास नाकात गेला तेव्हा मला रडू आलं होतं, तोंडावरच्या जाळीदार मास्कच्या आत. ते तुला दिसलं नाही. बरं झालं, नाहीतर जन्मभर चिडवलं असतंस.

तिथं, बॅट धरणारीच्या पाठीमागं बसून मला पोरींचे हात अगदी जवळून दिसायचे. म्हणून तुझ्याआधी मला दिसत होतं. बॅट फिरायला लागली की मंदाचा डावा खांदा तिच्यामागं ओढला जायचा, टाच उचलायची, आणि चेंडू गेल्यावरही बॅट थांबायची नाही. मी तुला म्हटलं, "शाले, पोरगी बॅट नाही फिरवत, बॅट पोरीला फिरवतेय." तू म्हणालीस, "फिरवू दे. ताकद येईल." त्याच महिन्यात एकदा बॅट सुटून तिच्याच पायापुढं आपटली. मग एकदा पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. पत्र्याचा असा काही आवाज झाला की लिंबावरचे सगळे कावळे उठले आणि बराच वेळ मैदानावर घिरट्या घालत राहिले. पोरी हसल्या, तूही हसलीस. मला हसू आलं नाही. पुढच्या रविवारी मी आमच्या शाळेची तीस इंची बॅट घेऊन आले. तू ती संघातल्या सगळ्यात बारक्या पोरीला दिलीस.

आणि मग तो रविवार.

उन्हं उतरली होती. तू तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावण्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या, बाहेर कोचच्या जागी उभी, ओढणी कमरेला गुंडाळलेली, शिट्टी गळ्यात. मंदाच्या हाताला घाम आला होता. दोनदा तिनं तळवे माती लावून पुसले. तिची बोटं वर सरकली आणि तू ओरडलीस, "खाली!" बोटं खाली आली. करंगळी बाहेर. मी मास्क वर करून म्हटलं, "शाले, थांबव जरा," तोवर चेंडू सुटला होता. बॅट फिरली, आणि माझ्या डोळ्यांसमोर तिचे हात रिकामे झाले.

अॅल्युमिनियमचा टण्ण असा आवाज असतो. तो झाला नाही. ओल्या मातीत धोंडा पडावा तसं काहीतरी ऐकू आलं.

तू खाली बसलीस. लगेच उठलीससुद्धा. कानाच्या वर हात दाबून धरलास आणि म्हणालीस, "काही नाही झालं! अगं, जोर बघा पोरीच्या हातात केवढा!" मंदा तशीच उभी होती, दोन्ही मुठी अजून बॅट धरल्यासारख्या. तू ओला रुमाल बांधलास, स्वतः जाऊन बॅट उचललीस आणि तिच्या हातात दिलीस. तीच बॅट. मी म्हटलं, "वेडी आहेस का?" तू माझ्या कानात बोललीस, "आत्ता घाबरली तर कायमची घाबरेल." आणि मंदाला पुन्हा खेळवलंस. त्या पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

तुला मी ओढत डॉक्टरकडं नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गोळ्या दिल्या, नगरला जाऊन डोक्याचा फोटो काढून घ्या म्हणून बजावलं. बाहेर आल्यावर तू चिठ्ठी पर्समध्ये टाकलीस. "विभागाचे सामने झाले की काढू. आणि हे बघ, मंदाला काही कळता कामा नये. डोकं दुखतंय म्हणून कुणापुढं बोलायचं नाही." मी आदळआपट केली. तू ऐकशील तर ती तू कसली!

त्यानंतरचे ते रविवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. आधी नुसतं डोकं दुखायचं. मग एकदा चहाची बशी तुझ्या हातातून सुटली आणि तू बशीकडं असं पाहिलंस की जणू ती दुसऱ्या कुणाच्या हातातली होती. मग तू मैदानावरून चालत आलीस ती एकाच चपलेवर. डावा पाय उघडा, जमीन तव्यासारखी तापलेली, आणि तुला पत्ताच नाही. मी चप्पल आणून पायापुढं ठेवली तर म्हणालीस, "कुणाची गं ही?" त्याच दिवशी तू शिट्टी फुंकलीस आणि ती वाजली नाही. पुन्हा फुंकलीस. तोंडाच्या एका कोपऱ्यातून नुसता वारा निघून जात होता. पोरी खेळत राहिल्या, कारण त्यांना ऐकूच आलं नाही. निघताना तू मला हाक मारलीस ती माझ्या नावानं नाही, तुझ्या थोरल्या मावशीच्या नावानं. ती मावशी तू लहान असतानाच वारली होती. दारात बसलेल्या माईनं ते ऐकलं आणि निवडायला घेतलेलं सूप खाली ठेवलं.

मी त्या दिवशी तुझ्यावर एवढी ओरडले की शेजारणी बाहेर आल्या. तू लहान पोरासारखी कबूल झालीस. बुधवारी फोटो काढायला नगरला येते म्हणालीस. मंगळवारी एस.टी.डी. बूथवरून तुझा फोन आला. आवाज बरा होता. म्हणालीस, "पद्मे, त्या बॅटचं तुला एक सांगायचं होतं." मी म्हटलं, बोल. मागून नुसते गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मी पुन्हा म्हटलं, "अगं बोल ना." तेव्हा तू म्हणालीस, "काय म्हणत होते गं मी?"

"बॅटचं."

"कुठली बॅट?"

शाले, मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या वेळी फोन खांद्याशी दाबून धरून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरल्या देवाला हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या रांगेपुढं तू पडलीस. जीपमधून नगरला आणलं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, आत जुनं रक्त साचत गेलं होतं, कितीतरी दिवसांचं. ऑपरेशननंतर तू डोळे उघडले नाहीस. मी तुझा हात धरून बसले होते आणि मनात तुला इतक्या शिव्या देत होते की विचारू नकोस.

मला काय सांगणार होतीस गं? 'तुझं खरं होतं' असं? तू असं म्हणशील हे मला खरंच वाटत नाही. कदाचित म्हणणार असशील, मंदा आता उंच झाली, बॅट बरोबर येतेय. तुझा काही भरवसा नाही.

आता मागं काय झालं ते ऐक, कारण ते तुला कुणी सांगणार नाही.

तिसगावच्या स्टँडवर मी उतरले की चहावाला आधी पाणी द्यायचा आणि मग हळूच विचारायचा, "बाई, ते पोरीच्या हातानं झालं म्हनत्यात, खरं का?" पिठाच्या गिरणीत तेच, हापशावर तेच. कुणी मंदाला तोंडावर बोललं नाही. ती दिसली की नुसतं बोलणं थांबायचं. तुझ्या शाळेत क्रीडासाहित्याची खोली उघडायला शिपाई तयार होईना. पोरी म्हणायला लागल्या, दुपारी आत कुणी नसताना ती बॅट वाजते. मुख्याध्यापकांनी खोलीला दुसरं कुलूप घातलं, त्यानं तर आणखीच बोभाटा झाला.

मी मंदाच्या घरी गेले. पोरगी ओसरीवर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी आले तरी हात काढले नाहीत. तिच्या आईनं मला मागच्या दारी नेलं. "बाई, काय करावं सांगा. धुनं धुताना धोपाटनं हातात धरंना. म्हनती, सुटंल, कुनाला लागंल. धाकटा जवळ आला तर वरडती, लांब हो म्हून. जेवती बी तशीच, एका हातानं, दुसरा खाली दाबलेला." बाप कांदा साठवायच्या चाळीतून आला. माणूस वाईट नाही गं, घाबरलेला होता. म्हणाला, "खेळबीळ लई झालं, बाई. तिच्या मामानं एक स्थळ आनलंय. गावभर नाव व्हायच्या आत उजवून टाकतो." मी म्हटलं, "अहो, नववीतली पोर आहे." तो म्हणाला, "मग काय करू? आज तोंडामागं बोलत्यात, उंद्या तोंडावर बोलतील. कोन करून घेईल हिला?"

परत येताना मला रस्ता दिसत नव्हता. तू तिकडं निवांत, आणि तुझ्यामागं ही पोर जिवंतपणी पुरली जात होती. तुझ्या हौसेखाली! मला तुझा इतका राग कधीच आला नव्हता.

तुझ्या जलदान विधीला अख्खं गाव आलं होतं. दारापुढं मांडव, फुलांतला तुझा फोटो, तो कॉलेजातला, त्यात तू हसतेयस. भन्तेंनी पंचशील दिलं. मग एकेकजण आदरांजली वाहायला उठला. मुख्याध्यापक म्हणाले, नियतीनं घाला घातला. कुणी म्हणालं, बाईंना मैदानावर वीरमरण आलं. दर भाषणाला माना हळूच मागं वळत होत्या. मागं, मांडवाच्या शेवटच्या बांबूला टेकून मंदा उभी होती, हात ओढणीच्या आत गुंडाळलेले. बाप तिला घेऊन आला होता. न आणून आणखी बोलणी खायची त्याची तयारी नव्हती.

मी तुझ्याबद्दल चांगलंच काहीतरी मनात बांधून आणलं होतं. माळ्यावरच्या उंदराची गोष्ट सांगणार होते, लोक हसले असते. उभी राहिले आणि तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "शालन माझी जिवाभावाची मैत्रीण. तिनं चूक केली. ह्या पोरीला पेलणार नाही एवढी लांब बॅट तिनं हिला दिली. मी भांडले, तिनं ऐकलं नाही. हात वर धरून पोरगी स्वतःला सांभाळत होती, तर तिला खाली धरायला लावलं. बॅट सुटणारच होती. ती ह्या पोरीच्या हातानं सुटली नाही, मापानं सुटली. कुणाला शालनच्या मरणाचा दोष द्यायचाच असेल तर शालनला द्या. ती सोसायला बळकट आहे."

तुझा दादा उठला. "ताई, आजचा दिस हाय का ह्यो असलं बोलायचा?" मी म्हटलं, "आजचाच आहे, दादा." मला वाटलं आता मला हाताला धरून बाहेर काढतात. मी तुझ्या फोटोकडं पाहिलं नाही. पाहवलंच नसतं.

मग माई बोलली. पांढरी साडी, पाठीत वाकलेली, बसूनच बोलली. "खरं बोलती ती. शालीला आमीच शिकवलं, सगळं मोठं घ्यायचं. तिच्या बापानं आन मी. लेकरू वाढंल म्हून. ह्या पोरीचा न्हाई त्यात दोष. मंदे, हिकडं ये." मंदा आली. माईनं हात पुढं केला, पण मंदानं ओढणीतले हात काढले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाली, आणि चारचौघांत ती कित्येक दिवसांनी पहिल्यांदा बोलत होती, "मला ठावं हुतं, आजी. ती हातात ऱ्हात न्हवती. मी बाईंना सांगितलंच न्हाई."

"का गं बाळा?"

"बाईंनी एवढ्या हौसेनं आनली हुती."

शाले, मला तिथं तूच दिसलीस. तुझ्या वडिलांनी आणलेल्या चपला तुला चावायच्या, पाय सोलवटायचा, पण तूही कधी सांगितलं नाहीस. त्यांनीही हौसेनंच आणल्या होत्या ना? आपल्याकडं कुणी कुणाला सांगतच नाही की हे मला मोठं होतंय. मोठं आणणाऱ्याचं मन मोडायचं नसतं. मी मात्र तुला सांगत होते, तर तू माझं ऐकत नव्हतीस, कारण मी सावेडीची, मला काय कळतं.

त्या दिवशी गावात काय फिरलं मला ठाऊक नाही. माझ्या नावानं बरीच बोटं मोडली गेली असणार. पण मंदाचा बाप स्टँडवर मला भेटला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "मामाला पाव्हन्यांना थांबवायला सांगितलंय. ह्ये सामने व्हऊ द्या. पुढचं पुढं." एवढं बोलून निघून गेला. विभागाचे सामने आता तोंडावर आलेत आणि संघाला कोच नाही. म्हणून मी रजा टाकली.

काल दुपारी मैदानावर गेले. तुझ्याशिवाय ते मैदान मला बघवेना. पोरी ओळीनं उभ्या होत्या, मंदा टोकाला. मी सगळ्यांच्या पायाशी बॅट उभी करून माप घेतलं. तिचाही हात धरला. गार पडला होता. तीस इंची बरोबर तळव्याला आली. ती बॅटकडं बघतच राहिली. म्हटलं, "पेलते ना?" तिनं मान हलवली. "खोटं नको सांगूस. मोठी वाटली तर मोठी म्हण." ती म्हणाली, "बरूबर हाय, बाई."

मग मी जाऊन तिसऱ्या बेसच्या बाहेर उभी राहिले. नेमकी तिथं, जिथं तू होतीस. तिनं मला पाहिलं आणि बॅट खाली घेतली. "बाई, तुमी तिथं उभं नका ऱ्हाऊ."

"कोच इथंच उभा राहतो."

"मागं सरा, बाई. पाया पडते."

"नाही सरणार. खेळ."

मी फार शूर आहे असं समजू नकोस. माझी कानाच्या वरची जागा नुसती ठणकत होती, जणू आत्ताच काही लागलंय. माझी पोरं घरी आहेत, शाले. नवऱ्याला मी सांगून आलेले नाही. पण मी मागं सरले असते तर त्या पोरीला कळलं असतं की मांडवात मी जे बोलले ते खरं नव्हतं. पहिला चेंडू आला, तिनं हात हलवला नाही. दुसरा आला, नाही. तिसऱ्या चेंडूला तिचा खांदा वळला आणि माझे डोळे आपोआप मिटायला लागले, ते मी बळंच उघडे ठेवले.

टण्ण झालं. चेंडू दुसऱ्या बेसवरून सरळ लांब गेला. इतका साफ फटका तिनं त्या तुझ्या बॅटनं कधी मारला नव्हता.

आणि ती पळाली. बॅट घेऊन पळाली. चेंडू लागला की बॅट जागेवर टाकायची आणि पळायचं, हे तू पोरींना पहिल्याच दिवशी शिकवायचीस. मंदानं ती दोन्ही मुठींत छातीशी घट्ट आवळली होती आणि तशीच धावत होती, पहिल्या बेसपर्यंत, वेणी सुटलेली, तोंड उघडं. बेसवर पोचली तरी सोडेना. सामन्यात हे चालायचं नाही. पोरी वळून वळून माझ्याकडं बघत होत्या, आता बाई ओरडतील म्हणून. कोचनं ओरडायचं असतं, "बॅट सोड!" मी तोंड उघडलंसुद्धा. शाले, ते दोन शब्द माझ्याच्यानं उच्चारवले नाहीत.